चावीचं घड्याळ रोज चालू कसं ठेवायचं

बऱ्याच घरात वडिलांचं नाहीतर आजोबांचं एचएमटी जनता हे चावीचं मनगटी घड्याळ कपाटात पडलेलं असतं. ते काढलं की लगेच चावी देऊन हातात घालू नका. वर्षानुवर्षं पडून आतलं तेल सुकलेलं असतंय, तसंच चालवलं की चाकं झिजतात, म्हणून आधी घड्याळवाल्याकडून खोलून साफसफाई आणि ऑइलिंग करून घ्या.

मग रोजची चावी, म्हणजे घड्याळाच्या कडेचं फिरवायचं बटण. सकाळची एकच वेळ धरा, आंघोळ झाल्यावर वगैरे. घड्याळ हातातून काढा, कारण हातात असताना चावी तिरकी ओढली जाते आणि तिची दांडी वाकते. चावी आत दाबलेलीच ठेवून अंगठा आणि बोटानं पुढं फिरवायची, बारीक कर्रकर्र आवाज येतो, साधारण वीस-तीस वेळा फिरवली की चावी जड लागायला लागते आणि पुढं जाईना, तिथंच थांबायचं, जोर लावायचा नाही. जास्त चावी दिली की घड्याळ बिघडतं असं लई लोक म्हणतात, पण जड लागल्यावर थांबलात तर काही होत नाही. उलट अर्धवट चावीनं स्प्रिंगचा जोर कमी पडतो आणि टाइम मागंपुढं व्हायला लागतो. फुल चावीवर जनता दीड दिवसाच्या आसपास चालतं.

टाइम लावताना चावी बाहेर ओढून काटे शक्यतो पुढंच फिरवा. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मधे तारीख बदलू नका, तेव्हा आतले दाते तारखेच्या चकतीत अडकलेले असतात, तुटतात.

आपल्याकडं एप्रिल-मे मधे पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ ठेवूच नका, तेल पातळ होऊन पसरतं. घाम रोज सुक्या कपड्यानं पुसा, चावीच्या कडेला तर नक्की, शेतातली धूळ तिथूनच आत जाते. जुन्या घड्याळाला पाणी अजिबात नको, काचेत वाफ दिसली तर त्याच दिवशी दाखवा, गंज चढायला वेळ लागत नाही.

आणि एकाएकी घड्याळ दिवसाला बरीच मिनिटं पुढं पळायलंय असं दिसलं तर बहुतेक लोहचुंबक लागलाय. स्पीकर, मॅग्नेटवालं मोबाईल कव्हर यांच्याजवळ ठेवलं की बारीक केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकाला चिकटतात. घड्याळवाला मशीननं हा चुंबकाचा असर काढतो, पाच मिनिटांचं काम आहे, झाकण घरी उघडू नका. सगळं नीट चालत असलं तरी तीन ते पाच वर्षांनी एकदा सर्व्हिसिंग कराच.