जुना कॉर्कस्क्रू पारखताना सुरुवात टोकापासून

मुठीच्या नक्षीवर भाळू नका. आधी दहापटीच्या भिंगातून मळसूत्राचं, म्हणजे बाटलीच्या बुचात शिरणाऱ्या पिळदार भागाचं, टोक बघा. मूळ टोक निमुळतं होत जातं आणि वेढ्याचा बाक शेवटपर्यंत सुटत नाही. मोडलेलं टोक कानशीने घासून पुन्हा अणकुचीदार केलं असेल, तर ते आखूड दिसतं आणि शेवटचा वेढा अर्धवट राहतो. अशा नगाची किंमत चांगलीच घसरते. दांड्याच्या जोडावर डाग दिल्याची (धातू वितळवून सांधल्याची) खूण दिसली, तर मळसूत्र बदललेलं असण्याची शक्यता धरा.

मुठीच्या टोकाला रिकामं भोक दिसलं तर तिथे बाटलीवरची धूळ झटकायचा छोटा ब्रश असायचा. तो नसला तरी चालेल, नवा नायलॉनचा खोचलेला नको.

सॅम्युएल हेनशॉल यांनी 1795 मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत मळसूत्राच्या वर एक चकती असते. ती बुचावर टेकली की बूच जागच्या जागी फिरतं आणि काचेपासून सुटतं. चकती हलत असेल तर संशय घ्या.

गंजावर हलक्या तेलाचे एक-दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा, मग 0000 नंबरच्या स्टील वूलने (अगदी बारीक पोलादी तंतूंच्या बोळ्याने) अलगद पुसा. तारेचा ब्रश किंवा आम्ल वापरलं की कोरलेली अक्षरंच झिजतात. हाडाची मूठ पाण्यात बुडवू नका, तडकते.