पुढं पत्रा, मागं कापड: हरिकेनचं मॉडेल करताना

माझं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्याचे नमुने, करण्यात गेलं. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून आमची मोजपट्टीच मुळात जरा मोठी असते. त्यामुळं स्केल म्हणजे काय, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आता मी प्लास्टिकच्या किटमधनं विमानांची मॉडेल जोडतो, आणि हे हरिकेनचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं. त्याच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर ४० फूट. १:४८ मध्ये ते बरोबर १० इंच येतं. म्हणजे खऱ्या विमानाचे चार फूट आपल्या हातात एक इंच. हिशोब असा सरळ बसतो, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला मी १:४८ च सांगतो. १:७२ त्याहून लहान, त्याला हात बसलेला लागतो.

विमान कुठलं करायचं, ते माझ्यापुरतं आधीच ठरलेलं होतं. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प होता. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बायका-पोरंच जास्त. माझे वडील लहान असताना आजोबांबरोबर तिथं दूध घालायला जायचे. बराकींपुढं फुलझाडं लावलेली असायची, एवढं ते नेहमी सांगायचे. महावीर उद्यानातल्या त्या लोकांच्या स्मारकापुढनं गेलो की मला वडीलच आठवतात. म्हणून माझं हरिकेन ब्रिटिश हवाई दलातल्या ३०३ नंबरच्या पोलिश स्क्वाड्रनचं, म्हणजे विमानांच्या तुकडीचं. हे वैमानिक १९४० मध्ये लंडनजवळच्या नॉर्थोल्टच्या तळावरून लढले आणि ब्रिटनच्या लढाईत जर्मनांची १२६ विमानं पाडल्याची त्यांच्या नावावर नोंद झाली.

आता कामाचं. किटचा बॉक्स उघडला की भागांची फ्रेम साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन घ्या. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेल त्यावर असतं, ते राहिलं तर रंग धरत नाही. भाग पिळून तोडू नका. निपरनं, म्हणजे छोट्या कटरनं, थोडं लांबनं कापा आणि उरलेला बुंधा ब्लेडनं काढा. गोंद लावायच्या आधी प्रत्येक जोड कोरडाच बसवून बघा. कॉकपिटला आतनं करडट हिरवा, डॅशबोर्डला काळा. अर्धं काम झाकूनच जातं, तिथं आठवडा घालवू नका.

खरा वेळ द्यायचा तो सांध्याला. हरिकेन जुन्या आणि नव्या पद्धतीच्या मधलं विमान आहे. नाकापासून कॉकपिटपर्यंत पत्रा, आणि त्याच्या मागं लाकडी पट्ट्यांवर ताणलेलं कापड. त्या पट्ट्यांच्या नाकाकडनं शेपटीकडं जाणाऱ्या कडा पाठीवर दिसतात. दोन अर्ध्या बॉड्या चिकटवल्या की जोड नेमका त्या पाठीवरनं जातो, आणि नवखा माणूस पॉलिश पेपर घेऊन सगळं गुळगुळीत करून टाकतो. कडा गेल्या की हरिकेन गेलं. पातळ गोंद ब्रशनं जोडावर टेकवा, तो आपोआप आत ओढला जातो. मग दाबून धरा, बारीकसं वितळलेलं प्लास्टिक वर येतं. एक दिवस सुकू द्या. नंतर ४०० चा पेपर बोटाएवढा कापून, कडेच्या दिशेनंच घासा, आडवा कधी नाही. शेवटी ६०० आणि १०००. आमच्या पॅटर्नला पार्टिंग लाइन, म्हणजे दोन अर्ध्या भागांच्या जोडाची रेघ, साफ करताना हीच शिस्त लागायची.

रंग. इथं आपल्या पावसाचा विचार करायलाच लागतो. जुलैत लॅकर मारलं की हवेतला ओलावा बसून त्यावर पांढरट झाक येते. मी जून ते सप्टेंबर फक्त जोडकाम करतो आणि रंग दसऱ्यानंतर काढतो. घाई असेल तर रंग फवारायच्या कॉम्प्रेसरला ओलावा अडवणारा मॉइश्चर ट्रॅप लावा आणि उघडीप बघून दुपारी मारा. रंग दुधाइतका पातळ, दाब १५ ते २० पीएसआय. करड्या प्रायमरनंतर आधी पोटाकडचा रंग, ‘स्काय’. नावावरनं निळा समजू नका. दुधी भोपळ्याच्या फोडीचा असतो तसा फिका हिरवट असतो तो. तो झाकून वर डार्क अर्थ, जुन्या काळपट गुळासारखा, पण चमक नसलेला. मग ब्लू टॅकच्या, म्हणजे चिकट मऊ पुट्टीच्या, शेवयांसारख्या वळ्या करून किटमधल्या रंगाच्या नकाशाप्रमाणं लावा आणि डार्क ग्रीन मारा. वळी गोल असल्यानं कड किंचित मऊ येते, तशीच हवी.

यानंतर ग्लॉस क्लिअर, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर, मारल्याशिवाय डिकल, म्हणजे खुणांची पातळ स्टिकरं, लावू नका. खरबरीत रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात. मागच्या भागावर डिकल मऊ करणारं सॉफ्टनर दोनदा लावा, म्हणजे हवाई दलाची गोल खूण आणि स्क्वाड्रनची ‘आरएफ’ ही अक्षरं पट्ट्यांच्या कडांवर रंगवल्यासारखी बसतील. कॉकपिटची काच पांढऱ्या फेविकॉलनं चिकटवा. इन्स्टंट ग्लूच्या वाफेनं काच धुरकट होते.

जुनेपणा दाखवताना माझ्याकडनं एक चूक झाली होती. पहिल्या हरिकेनला मी स्पंजनं चंदेरी ओरखडे सगळीकडं मारले, शेपटीपर्यंत. आठवीतली नात बघत बसली होती. ती म्हणाली, “आजोबा, तिथं कापड आहे म्हणालात ना? मग आतनं पत्रा कसा दिसंल?” तिचं बरोबर होतं. तो सगळा भाग मी पुन्हा रंगवला. रंग उडाल्याच्या खुणा फक्त पत्र्यावर: इंजिनच्या झाकणांच्या कडा, आणि पंखाचं मूळ, जिथं मेकॅनिक पाय देऊन चढायचे. कापडावर उन्हानं रंग फिका पडतो आणि मळतो, म्हणून तिथं मूळ रंगात थोडा पांढरा घालून फार पातळ हात द्या. शेवटचं क्लिअरही पत्र्यावर पूर्ण मॅट आणि कापडावर किंचित तकाकीचं ठेवा. हातभर लांबनं बघितलं तरी दोन जिन्नस वेगळे कळले पाहिजेत. एक्झॉस्टचा काळा-करडा धूर बॉडीच्या बाजूनं मागं ओढा, पाठीवर चढवू नका.

सगळ्यात शेवटी बंदुका. प्रत्येक पंखात चार, एकूण आठ. धूळ आणि ओल आत जाऊ नये म्हणून त्यांच्या तोंडावर कापडाचे लाल तुकडे चिकटवलेले असायचे, आणि पहिल्याच फैरीत ते फाटायचे. परत आलेल्या विमानाचे तुकडे फाटलेले दिसले की जमिनीवरच्या लोकांना कळायचं, गाठ पडली होती. तुम्ही फाटके दाखवणार असाल तर पंखाखाली बारूदीचे काळे पट्टेही ओढायला लागतील. मी आठही लाल तुकडे अखंड ठेवलेत. माझं विमान अजून सकाळच्या धावपट्टीवर उभं आहे.