धुके, विरळ धुके, धुरके, दव : कोणता शब्द केव्हा लिहावा

सकाळी समोरचे झाड अंधूक दिसले की आपण सरसकट ‘धुके पडले’ असे म्हणतो आणि बोलण्यापुरते ते पुरतेही; मात्र हवामानाची नोंद ठेवायची असेल, बातमी लिहायची असेल किंवा ‘मिस्ट’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधायचा असेल, तर नेमके काय पडले आहे हे आधी पाहावे लागते. इंग्रजीत ‘मिस्ट’ आणि ‘फॉग’ असे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत दोहोंसाठी ‘धुके’ हाच शब्द असून फरक ‘विरळ’ आणि ‘दाट’ या विशेषणांनी दाखवला जातो.

धुके म्हणजे वाफ नव्हे. हवेतील बाष्प डोळ्यांना दिसत नाही. हवा पुरेशी थंड झाली की ते धूलिकण, क्षारकण अशा सूक्ष्म कणांभोवती जमून त्याचे थेंब होतात आणि हे थेंब प्रकाश विखुरतात म्हणून आपल्याला पांढुरके काही दिसते. उकळत्या किटलीच्या तोटीकडे नीट पाहावे. तोटीला लागून थोडी जागा रिकामी, पारदर्शक दिसते, ती खरी वाफ. तिच्यापुढे जो पांढरा लोट दिसतो आणि ज्याला आपण वाफ म्हणतो, तो पाण्याच्या थेंबांचा, म्हणजे धुक्याच्याच जातीचा असतो. (किटलीची तोटी भाजते, तेव्हा पाहणे दुरूनच करावे.)

शब्द ठरवण्यासाठी पहिली कसोटी अंतराची. ज्यांचे अंतर आपल्याला ठाऊक आहे अशा दोन-तीन खुणा, उदाहरणार्थ पाण्याची टाकी, मनोरा, टेकडी, आधीच हेरून ठेवाव्यात. 1 किलोमीटरवरची खूण दिसत नसेल तर ते ‘फॉग’, म्हणजे केवळ ‘धुके’ किंवा ‘दाट धुके’. ती दिसत असूनही पलीकडचे सारे पुसट असेल तर ते ‘मिस्ट’, म्हणजे ‘विरळ धुके’. विमानतळांवरील नोंदींत दृश्यमानता 1 ते 5 किलोमीटर असताना विरळ धुक्यासाठी ‘बीआर’ हा संकेत वापरतात; तो ‘ब्र्यूम’ या फ्रेंच शब्दावरून आला आहे.

दुसरी कसोटी ओलाव्याची. दृश्यमानता कमी असली तरी हवा कोरडी असेल, तर तो धुक्याचा नव्हे, धूळ वा धूर यांचा परिणाम असतो आणि तिथे ‘धुरकट हवा’ म्हणणे योग्य. विरळ धुक्यात आर्द्रता बहुधा 95 टक्क्यांच्या पुढे असते. धूर आणि धुके एकत्र आले की त्यास ‘धुरके’ म्हणतात. हा घडवलेला शब्द असला तरी वर्तमानपत्रांनी तो रुळवला, आणि माझ्या मते तो ‘स्मॉग’पेक्षा सरस आहे. दव मात्र हवेत तरंगत नाही; ते थंड पृष्ठभागावरच जमते, त्यामुळे गवत ओले आणि क्षितिज स्वच्छ असेल तर धुक्याचा उल्लेख करू नये. मळभ तर आभाळात असते, जमिनीलगत नाही.

लिहिताना धुके पडते, उतरते, दाटते आणि विरते. त्याचे अनेकवचन सहसा करत नाहीत. ‘धुके’मधला उकार ऱ्हस्व, ‘धूर’मधला दीर्घ; तरीही ‘धुराचा’, ‘धुरकट’, ‘धुरके’ यांत तो पुन्हा ऱ्हस्व होतो. ‘धूसर’ संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असल्याने त्याचा उकार दीर्घच राहतो.

भाषांतर करताना ‘मिस्ट’ दिसले की लगेच धुके लिहिण्याची घाई करू नये. रोपांवर मारायचा तो ‘बारीक फवारा’ किंवा ‘तुषार’, आरशावर ‘वाफ धरते’, आणि डोळे धुक्याने भरत नाहीत, ते ‘पाणावतात’.

नोंद अशी करावी : ‘सकाळी 6.40. 1 किलोमीटरवरची टाकी पुसट दिसते, 5 किलोमीटरवरची टेकडी दिसत नाही. आर्द्रता 97 टक्के. विरळ धुके.’ पुढे टेकडी दिसू लागली की धुके विरल्याची वेळ त्याच ओळीत लिहावी.