'विंगस्पॅन'ला बसण्याआधी

'विंगस्पॅन' हा पक्ष्यांच्या पत्त्यांचा, पटावर खेळायचा खेळ. त्याला बसण्याआधी हवी नीट बैठक. उन्हाळ्यात सोलापुरात कूलरशिवाय बसवत नाही, पण त्याचा झोत पत्त्यांवर येता कामा नये. टेबलावर सोलापुरी चादर चौपदरी अंथरावी. फासे उसळत नाहीत आणि ७५ चिमुकली अंडी घरंगळत नाहीत. शेंगाचटणी-भाकरी डावाआधीच उरकून हात साबणाने धुवावेत. तेलाचा डाग पडलेला पत्ता पालथा ठेवला तरी ओळखू येतो.

आता खरी तयारी. कागदावर ८, ७, ६, ५ लिहून ठेवा. चार फेऱ्यांतल्या आपल्या खेळ्या एवढ्याच, एकूण २६. पत्ता कितीही सुंदर असला तरी तो या २६ मध्ये बसतो का, हे आधी बघायचं.

सुरुवातीला पाच पत्ते आणि पाच प्रकारचं एकेक अन्न मिळतं. जितके पत्ते ठेवाल तितकं अन्न परत द्यावं लागतं. मी दोन किंवा तीनच ठेवते, आणि त्यात पटावरच्या जंगलात बसणारा एक स्वस्त पक्षी हवाच. रिकामं जंगल एका खेळीत एकच फासा, म्हणजे एकच अन्न, देतं, आणि उपाशी माणूस पक्षी बसवणार कुठून? जादा गुण देणारा बोनसचा पत्ता हातातले पक्षी बघून मगच निवडावा. मूळ पेटीतले १७० पक्षी उत्तर अमेरिकेतले, म्हणून नावं अनोळखी वाटतात. पण कावळ्याच्या कुळातला रेव्हन दिसला की सोडू नका. एक अंडं देऊन दोन अन्नं घेता येतात. आपल्या टिटवीच्या कुळातला किलडिअर अंड्याच्या बदल्यात दोन पत्ते देतो.

फाशांकडे आपली पाळी नसतानाही लक्ष हवं. फासे टाकायच्या मनोऱ्याच्या ताटलीत उरलेल्या सगळ्या फाशांवर एकच चित्र असेल, तर अन्न घेण्याआधी पाचही पुन्हा टाकता येतात. काही शिकारी पक्षी ताटलीबाहेरचे फासे टाकून भक्ष्याचं चित्र शोधतात, म्हणून ताटली रिकामी होत आली की त्यांची ताकद वापरावी. बाहेर एकच फासा असेल तर उंदीर मिळण्याची शक्यता सहात एक, चार असतील तर निम्म्याहून थोडी जास्त. नवखे खेळाडू इथेच घाई करतात.

चौथ्या फेरीआधी सर्वांत महत्त्वाची मोजणी: घरट्यांत अंड्यांची जागा किती उरली? गवताळ भागात चार पक्षी बसले की एका खेळीत ४ अंडी, म्हणजे पाच खेळ्यांत २० गुण, पण ती मावली तरच. सोलापूरजवळचा नान्नजचा माळ ज्याच्यासाठी ओळखला जातो, त्या माळढोकाची मादी जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. इथेही काही पत्त्यांवर एवढीच जागा असते, तेव्हा चार-पाच अंडी मावणारं घरटं तिसऱ्या फेरीतच बसवून ठेवा.

बरोबरी झाली तर न वापरलेलं अन्न ज्याच्याकडे जास्त, तो जिंकतो. म्हणून शेवटच्या खेळीत दाणा उगाच खर्चू नका.