घरांचे तयार फोटो ग्राहकाला देताना होणाऱ्या चुका, आणि त्या कशा टाळायच्या

तुम्ही काढलेले घराचे फोटो ग्राहकाच्या, म्हणजे प्रॉपर्टी एजंटच्या, हातात आले की त्याला ते तीन ठिकाणी वापरायचे असतात: पोर्टलवर (घरांच्या जाहिरातींच्या वेबसाइटवर) चढवायचे, विचारणा करणाऱ्यांना फोनवर पाठवायचे आणि कधी कधी पत्रकात छापायचे. यातली बहुतेक कामं तो फोनवरूनच करतो, तीही दोन भेटींच्या मधल्या वेळात. तुम्हाला एकही फोन न करता त्याला हे सगळं जमलं, तर डिलिव्हरी नीट झाली म्हणायची. "फोटो फुटतायत", "उघडत नाहीत", "रंग वेगळे दिसतायत" असे निरोप यायला लागले, तर कारण बहुधा शूटिंगमध्ये नसतं, शेवटच्या तासाभरात असतं.

व्हॉट्सॲपवर थेट फोटो टाकणं

सगळ्यात जास्त नुकसान या एका सवयीने होतं. फोटो म्हणून पाठवलेली फाइल व्हॉट्सॲप लहान करतं आणि दाबतं (कॉम्प्रेस करतं). एचडी पर्याय निवडला तरी मूळ फाइल जशीच्या तशी जात नाही. एजंट हीच लहान झालेली प्रत सेव्ह करून पोर्टलवर टाकतो आणि पोर्टल ती पुन्हा दाबतं. दोनदा दाबलेल्या फोटोत भिंतीच्या सावलीत पट्टे उठतात, खिडकीच्या जाळ्या आणि पडद्यांचं विणकाम विस्कटतं.

"पोर्टलवर फोटो धूसर दिसतात" अशी तक्रार आली तर आधी एजंटने चढवलेल्या फाइलचं नाव विचारा. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपमधून सेव्ह झालेल्या फोटोच्या नावात तारीख आणि त्यानंतर 'डब्ल्यूए' ही अक्षरं असतात. ती दिसली की एडिटिंग पुन्हा तपासायची गरज नाही. मूळ फाइल तुमच्या लिंकवरून पुन्हा उतरवून चढवायला सांगा.

व्हॉट्सॲपवर फक्त लिंक पाठवा. एखाददुसरा फोटो तातडीने हवाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, मग फाइल आहे तशीच जाते. ईमेलचा मार्ग इथे फारसा उपयोगी नाही. जीमेलची जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी आहे आणि पूर्ण आकाराचे चार-पाच फोटोही ती ओलांडू शकतात.

एकाच आकाराची एकच फोल्डर देणं

फक्त पूर्ण आकाराचे फोटो दिले तर ते फोनवर उतरायला वेळ लागतो आणि फाइलच्या मर्यादेमुळे पोर्टल ते नाकारू शकतं. फक्त लहान दिले तर महिन्याभराने पत्रक छापताना एजंट अडकतो. म्हणून दोन फोल्डर द्या आणि नावंच अशी ठेवा की काही विचारावं लागू नये: '१ पोर्टलसाठी' आणि '२ छपाईसाठी'.

पोर्टलच्या फोटोंना लांब बाजू २०४८ पिक्सेल आणि लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) क्वालिटी ७५ ते ८० पुरते. पोर्टल वेगळा आकार मागत असेल तर अर्थात तोच द्या. छपाईचे फोटो पूर्ण आकारात, क्वालिटी ९० किंवा वर. छपाईचा हिशोब सोपा आहे. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ए४ पानभर फोटोला ३५०८ × २४८० पिक्सेल लागतात आणि ए३ ला ४९६१ × ३५०८. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातली ६००० × ४००० ची फाइल दोन्हींना पुरते, पण २०४८ पिक्सेलची फाइल ए४ लाही अपुरी पडते.

'३०० डीपीआय' (इंचाला ३०० ठिपके) हा आकडा मात्र स्वतंत्रपणे काहीच सांगत नाही. २०४८ पिक्सेलच्या फाइलवर ३०० लिहा की ७२, पिक्सेल तेवढेच राहतात. ग्राहकाने "३०० डीपीआयचे फोटो द्या" म्हटलं तर किती इंचांवर छापायचे आहेत ते विचारा आणि त्यावरून पिक्सेल काढा. एक्सपोर्ट करताना 'डोन्ट एन्लार्ज'वर खूण ठेवा, नाहीतर खूप कापलेले फोटो ताणून मोठे होतात आणि बाकीच्यांमध्ये मऊ दिसतात.

फॉरमॅट जेपेगच. टिफ किंवा आयफोनचं एचईआयसी अनेक पोर्टलना चालत नाही आणि पीएनजीमध्ये फोटो विनाकारण जड होतो. अपवाद फ्लोअर प्लॅनचा. जेपेगमध्ये त्याच्या बारीक रेषांभोवती आणि अक्षरांभोवती धूळ उडाल्यासारखे ठिपके येतात, म्हणून तो पीएनजी आणि पीडीएफमध्ये द्या. पोर्टल फक्त जेपेग घेत असेल तर त्याची जेपेग प्रत सर्वात वरच्या क्वालिटीला काढा.

रंग फिके पडणं

तुमच्या स्क्रीनवर लाकडी फरशी ऊबदार दिसते आणि ग्राहकाकडे तीच मातकट. फाइलमधल्या आकड्यांचा नेमका रंग कोणता हे तिचं कलर प्रोफाइल सांगतं; वेब आणि फोनवर एसआरजीबी हे प्रोफाइल सर्रास चालतं. तुम्ही फाइल अॅडोब आरजीबी किंवा प्रोफोटो आरजीबी या जास्त रंगांच्या प्रोफाइलमध्ये दिली आहे का ते आधी पाहा. ज्या ॲपला कलर प्रोफाइल वाचता येत नाही, किंवा जे पोर्टल प्रोफाइल काढून टाकतं, ते या फाइलमधले आकडे एसआरजीबी समजून दाखवतं आणि रंग मरतात. देण्याच्या सगळ्या जेपेग फाइल एसआरजीबीमध्येच काढा आणि प्रोफाइल फाइलमध्ये राहू द्या.

फोटोशॉपमध्ये यासाठी 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' वापरायचं. 'असाइन प्रोफाइल' वापरलं तर आकडे तेच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो, म्हणजे जी गडबड ग्राहकाकडे व्हायची ती तुम्ही स्वतःच फाइलमध्ये करून ठेवता. हे दोन पर्याय मेनूत एकाखाली एक आहेत, त्यामुळे घाईत हात चुकतो.

पोर्टलची कात्री विसरणं

बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांचा फोटो ३:२ असतो, पण पोर्टलच्या यादीतली फोटोची चौकट अनेकदा ४:३ किंवा १६:९ असते. ६००० × ४००० चा फोटो १६:९ च्या चौकटीत बसवला की उंची ३३७५ उरते, म्हणजे वर आणि खाली मिळून ६२५ पिक्सेल जातात. आतल्या फोटोत तो पंखा किंवा छताची कड असते, बाहेरच्या फोटोत इमारतीचा माथा. ४:३ मध्ये रुंदीतले ६६७ पिक्सेल जातात आणि कडेला मुद्दाम ठेवलेला दरवाजा अर्धा कापला जातो.

सगळ्या फोटोंच्या वेगळ्या प्रती काढायची गरज नाही. जो फोटो यादीत सर्वात आधी दिसणार, त्याच्या १६:९ आणि ४:३ अशा दोन प्रती स्वतः कापून द्या. पहिला फोटो आडवाच ठेवा. उभा फोटो चौकटीत मधोमध कापला जातो किंवा त्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात.

फाइलची नावं आणि क्रम

कॅमेऱ्याने दिलेली नावं तशीच ठेवली की एजंटला खोल्या ओळखत बसावं लागतं. दोन कॅमेरे वापरले असतील किंवा मोजणी ९९९९ वरून पुन्हा सुरू झाली असेल, तर क्रमही मोडतो आणि बाथरूम हॉलच्या आधी येते. नुसते १, २, ३ असे आकडे दिले तर अनेक ठिकाणी १ नंतर १० येतो आणि मग ११. म्हणून ०१, ०२ अशी सुरुवात करा आणि पुढे खोलीचं नाव जोडा. क्रम घर बघायला आलेल्या माणसाच्या चालीने लावा: दर्शनी भाग, प्रवेश, हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, बाथरूम, बाल्कनी, शेवटी आवार.

फाइलची नावं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत असलेली बरी. देवनागरी नावं काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये झिप उघडताना अगम्य चिन्हांत बदलतात. मोकळ्या जागेऐवजी अंडरस्कोअर वापरा आणि टक्का, हॅश, अँपरसँड ही चिन्हं टाळा. फोल्डरमध्ये फोल्डर करून प्रत्येकाला पूर्ण पत्ता नाव म्हणून देऊ नका. विंडोजमध्ये पाथची (सगळ्या फोल्डरांसकट फाइलच्या पूर्ण नावाची) नेहमीची मर्यादा २६० अक्षरांची आहे. ती ओलांडली की झिप उघडताना चूक दाखवली जाते आणि ग्राहकाला वाटतं फाइलच खराब आहे.

लिंक उघडते का ते न पाहणं

तुमच्या संगणकावर लिंक उघडते कारण तिथे तुमचंच खातं चालू असतं. गुगल ड्राइव्हवर नवीन फोल्डर 'रिस्ट्रिक्टेड' असतं. ते 'एनीवन विथ द लिंक' केलं नाही तर समोरच्याला परवानगी मागणारं पान दिसतं, आणि तुम्ही झोपेत असाल तर त्याची सकाळची जाहिरात अडते. अधिकार 'व्ह्यूअर' इतकाच ठेवा. 'एडिटर' दिला तर त्याच्या कार्यालयातलं कुणीही फाइल हलवू किंवा काढून टाकू शकतं.

पाठवण्याआधी लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडा, जिथे तुमचं खातं चालू नसतं, मग फोनवर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर उघडा. दोन फोटो प्रत्यक्ष उतरवून पाहा. ड्राइव्ह मोठं फोल्डर उतरवताना कधी कधी त्याचे अनेक झिप करतं आणि ग्राहक पहिलाच उघडून "निम्मेच फोटो आले" म्हणतो. आयफोनवर झिप फोटोंच्या ॲपमध्ये येत नाही, 'फाइल्स'मध्ये जाते, हेही अनेकांना माहीत नसतं. पोर्टलचं फोल्डर हलकं ठेवलं की हे दोन्ही प्रश्न बऱ्याच अंशी टळतात, कारण त्यातले फोटो थेट एकेक करून सेव्ह करता येतात.

एखाद्या फोटोचा खालचा भाग सपाट करडा दिसत असेल तर अपलोड किंवा डाउनलोड मध्येच तुटलं आहे. मूळ फाइल आणि ड्राइव्हवरची फाइल यांचा आकार ताडून बघा. जुळला तर ग्राहकाला पुन्हा उतरवायला सांगा, नाही तर तुम्ही पुन्हा चढवा. गुगलच्या मोफत खात्याचे १५ जीबी जीमेल आणि फोटोंसह मिळून असतात. ते भरले की अपलोड तर थांबतंच, ग्राहकाचं ईमेलही तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

शंभर टक्के झूम करून न बघणं

छोट्या थंबनेलमध्ये खोली स्वच्छ दिसते. शंभर टक्क्यांवर मात्र टीव्हीच्या काळ्या काचेत ट्रायपॉड दिसतो, नळाच्या क्रोमवर फ्लॅश, कपाटाच्या आरशात कोपर. सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका सगळ्या फोटोंत एकाच जागी येतो आणि पांढऱ्या छतावर तो डागच वाटतो. एकदा सापडला की सगळ्या फोटोंत त्या जागी बघा.

याहून महत्त्वाचं आहे ते घरात राहणाऱ्यांचं खासगीपण. हे फोटो जाहीर होणार आहेत. फ्रिजवर चिकटवलेली शाळेची कागदपत्रं, भिंतीवरचे मुलांचे फोटो, टेबलावरची औषधं, राउटरवरचा पासवर्ड, अलार्मचं पॅनेल, गाडीची नंबर प्लेट, खिळ्याला टांगलेल्या किल्ल्या: यातलं काही स्पष्ट दिसत असेल तर ते धूसर करा किंवा काढा. याच कारणासाठी एक्सपोर्ट करताना ठिकाणाची माहिती काढून टाका. ड्रोन आणि फोनच्या फोटोंत अक्षांश-रेखांश असतात.

सगळीच माहिती सरसकट पुसू नका. कॉपीराइट आणि संपर्काची नोंद राहू द्या. ३६० अंशांच्या फोटोत तर फाइलमधल्या नोंदीवरूनच ॲपला कळतं की हा गोल फिरवायचा फोटो आहे. ती नोंद गेली की २:१ आकाराची वाकडी पट्टी नुसती सपाट पडून राहते. ग्राहक "टूर फिरत नाही" म्हणत असेल तर हीच शक्यता आधी तपासा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तरी तेच होतं.

काय बदललं ते न सांगणं

आकाश बदलणं, गवत हिरवं करणं, रिकाम्या खोलीत संगणकावर फर्निचर ठेवणं, हे बदल केले असतील तर फाइलच्या नावात आणि संदेशात लिहा आणि मूळ फोटोही द्या. समोरची विजेची तार, शेजारची टाकी किंवा भिंतीतली ओल मात्र पुसू नका. घर बघायला येणाऱ्याला ती दिसणारच आहे आणि जाब एजंटला द्यावा लागतो.

दुरुस्ती मागितली तर सगळं फोल्डर पुन्हा पाठवू नका. ड्राइव्हवर त्याच फाइलच्या 'मॅनेज व्हर्जन्स'मधून नवी प्रत चढवली की लिंक तीच राहते. मग कोणता फोटो बदलला तेवढं कळवा. सोबतचा संदेशही साधा हवा, उदाहरणार्थ:

"नमस्कार. २८ फोटो तयार आहेत. 'पोर्टलसाठी' फोल्डर फोनवरून थेट वापरा, 'छपाईसाठी' फक्त पत्रकाला. फोटो ०१ यादीत पहिला ठेवा. फोटो ०९ मध्ये फर्निचर संगणकावर ठेवलेलं आहे, मूळ फोटो ०९ब. हे फोटो या मालमत्तेच्या जाहिरातीसाठी आहेत. बिल्डर किंवा इंटिरियर डिझायनरला हवे असतील तर कृपया कळवा. दुरुस्ती असल्यास फाइलचा क्रमांक लिहा. लिंक ३० दिवस चालू राहील."

ग्राहकाने फोटो उतरवल्याचं कळवेपर्यंत मेमरी कार्ड फॉरमॅट करू नका. त्यानंतर रॉ फाइल (कॅमेऱ्यातल्या मूळ, एडिट न केलेल्या फाइल), एडिटिंगचा कॅटलॉग आणि दिलेल्या जेपेग दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, एक डिस्क शक्यतो दुसऱ्या जागी. घर विकलं गेलं नाही आणि काही महिन्यांनी एजंट बदलला, की फोटोंची मागणी पुन्हा येते. तेव्हा हक्क कुणाला दिले होते हे जुन्या संदेशातच सापडतं, म्हणून तो संदेशही त्याच फोल्डरमध्ये जपून ठेवा.