ऑल-व्हील ड्राइव्ह वॅगन: मालकांचे अनुभव गोव्याच्या रस्त्यांवर कसे पारखावेत

वॅगन, म्हणजे सेडानसारख्या बसक्या पण छत डिकीच्या टोकापर्यंत नेलेल्या गाड्या, भारतात कधीच फारशा खपल्या नाहीत, आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर पुरवणारी वॅगन तर अगदीच विरळा. २०१७ साली भारतात आलेली व्होल्वो व्ही९० क्रॉस कंट्री हे तिचे ठळक उदाहरण. आज अशी गाडी घ्यायची तर बहुधा जुन्या गाड्यांच्या बाजारातच शोधावी लागते. त्यामुळे इच्छुकाला जे अनुभव ऐकायला मिळतात त्यांपैकी बरेचसे सुबारू आउटबॅकसारख्या गाड्यांच्या परदेशी मालकांचे आणि बर्फाच्या रस्त्यांवरचे असतात. ते खोटे नसतात, पण गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील चिखल आणि पेडण्यातील जांभ्याची खडी यांच्याशी त्यांची सांगड आपल्यालाच घालावी लागते.

‘गाडी रस्त्याला चिकटून चालते’ हे वाक्य जवळपास प्रत्येक मालकाच्या तोंडी असते. ते ऐकल्यावर टायर कोणते होते आणि किती झिजले होते, गाडी रिकामी होती की डिकी भरलेली, चढ होता की उतार, आणि रस्ता नुकता भिजलेला होता की धो धो पावसाने धुऊन निघालेला, हे अवश्य विचारावे. बर्फाळ प्रदेशातील पुष्कळ मालक हिवाळ्यासाठी वेगळे टायर बसवतात, आणि त्या टायरांचे श्रेयही ते नकळत ऑल-व्हील ड्राइव्हच्या पदरात टाकतात.

मुख्य मुद्दा असा की ऑल-व्हील ड्राइव्ह ही व्यवस्था इंजिनाचा जोर वाटून देते. ब्रेक मात्र कोणत्याही साध्या गाडीलासुद्धा चारही चाकांना असतात. म्हणून ओल्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवताना, चिरेखाणीकडे जाणाऱ्या तांबड्या मातीच्या वाटेवर किंवा फेरीबोटीच्या निसरड्या धक्क्यावरून वर येताना तिचा फायदा लगेच जाणवतो, पण चोर्ला घाटातून केरीकडे उतरताना थांबण्याच्या बाबतीत ती काहीही मदत करत नाही. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेग असेल तर ब्रेक लागल्यानंतर कापले जाणारे अंतर जवळजवळ पावणेदोन पट होते, मग गाडी कोणतीही असो. चढावर न घसरलेली गाडी उतारावरही घसरणार नाही अशी चालकाची समजूत होते, आणि माझ्या मते या गाड्यांचा सर्वांत मोठा धोका हाच आहे. उतारावर गिअर आधीच खाली आणावा, ब्रेक वळणापूर्वी सरळ रस्त्यावर लावून घ्यावा आणि वळणात वेग स्थिर ठेवावा.

उंच एसयूव्हीच्या तुलनेत वॅगनचे गुरुत्वमध्य खाली असते, त्यामुळे अनमोड घाटाच्या वळणांवर ती कमी कलते आणि मागे बसलेल्यांना कमी मळमळते; मालकांचे हे म्हणणे पूर्णपणे ग्राह्य धरावे. मात्र सामान जड असेल तर ते मागच्या सीटला टेकवून, शक्य तितके खाली आणि बांधून ठेवावे. सीटच्या वर रचलेले सामान जोराचा ब्रेक लागताच पुढे झेपावते, आणि जाळी नसलेल्या वॅगनमध्ये त्याला अडवणारे काही नसते. लांबीचाही विचार करावा. वर उल्लेखिलेली व्होल्वो सुमारे ४.९४ मीटर लांब आहे. चोडणच्या फेरीबोटीवर चढता-उतरताना धक्का आणि फळी यांच्यामधल्या कोनात अशा गाडीचे शेपूट घासू शकते, म्हणून तेथे अगदी सावकाश जावे.

जुनी गाडी पाहायला जाताना सर्वांत आधी खाली वाकून टायर पाहावेत. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि जवळजवळ सारखेच झिजलेले हवेत, कारण एखादे चाक घेराने लहान असेल तर ते सतत वेगळ्या गतीने फिरते आणि पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या क्लचवर विनाकारण ताण येतो. टायरच्या बाजूवरील चार आकडे वाचावेत. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातील टायर. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते, पण गोव्याच्या पावसाळ्यात तितक्यावर भागवणे शहाणपणाचे नाही. हवाही तपासावी, कारण ती कमी असेल तर टायर कमी वेगातच पाण्यावर तरंगू लागतो.

त्यानंतर मोकळ्या, कोरड्या आवारात स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी चालण्याच्या वेगाने गोल फिरवावी. ती अडखळत, हिसके देत फिरत असेल तर क्लच किंवा त्याचे तेल तपासून घ्यावे. चाकापाशी ‘टक-टक’ असा आवाज येत असेल तर अ‍ॅक्सलचा सांधा झिजला असण्याची शक्यता जास्त. क्लचचे आणि मागच्या डिफरन्शियलचे (मागच्या दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरपेटीचे) तेल कधी बदलले हे सर्व्हिसच्या कागदांवर पाहावे. मालकाच्या शब्दावर विसंबू नये. किनाऱ्यालगत वापरलेली गाडी असेल तर ती लिफ्टवर चढवून ब्रेकच्या नळ्या आणि मागच्या सांगाड्याचे सांधे गंजलेत का ते पाहावे. समुद्रकिनाऱ्यावर गाडी चालवणे गोव्यात बेकायदेशीर आहे. एखादा मालक वाळूतील पराक्रम अभिमानाने सांगू लागला तर खालचा गंज जरा अधिक बारकाईने शोधावा.

पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडीच्या पुस्तिकेत दिलेली पाण्याची मर्यादा पाळावी, आणि पाणी वाहते असेल तर मुळीच पुढे जाऊ नये. इंजिन पाण्यात बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नये, कारण सिलिंडरमध्ये पाणी शिरले असल्यास कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. अशी गाडी हलवायची वेळ आली तर दोन चाके उचलून ओढणाऱ्या क्रेनला स्पष्ट नकार द्यावा. जमिनीवर राहिलेली चाके फिरली की क्लच आणि गिअरबॉक्स यांचे नुकसान होऊ शकते, म्हणून चारही चाके वर घेणारा फ्लॅटबेडच मागवावा आणि त्याचा क्रमांक घाटात रेंज जाण्यापूर्वीच फोनमध्ये साठवून ठेवावा.