वळवाच्या आधी झाड उतरवताना: दोराला हिसका बसू देऊ नका

साखर कारखान्यांची धुराडी थंडावली, उसाच्या खोडव्याला पाणी सुरू झालं, की गोठ्यावर झुकलेल्या फांद्या डोळ्यांत खुपायला लागतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ, हातकणंगले, करवीर भागात एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तो वारा घेऊनच. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडे जूनमध्ये पावसाने धरलं की मुळांजवळची जमीन मऊ होते आणि कललेलं झाड उभंच्या उभं आडवं होतं. त्यामुळे घरावर, गोठ्यावर, पाण्याच्या मोटारीच्या खोलीवर आलेलं झाड या कोरड्या दिवसांतच उतरवावं, हे बरोबर आहे. माणसं जायबंदी होतात ती उतरवण्याच्या पद्धतीमुळे.

बहुतेक ठिकाणी विचार होतो तो वजनाचा. "दोर जाड आहे, पाच पोती सहज उचलतो, ही फांदी किती असेल?" पण शांतपणे लटकणारं वजन वेगळं आणि मोकळं पडून अचानक अडवलेलं वजन वेगळं. दोर तुटतो, कप्पी निखळते, ज्या बेचक्यात दोर अडकवला तेच फाटतं, ते या हिसक्यामुळे. विहिरीवर भरलेली घागर सावकाश सोडली तर एका हाताने सांभाळता येते. तीच दोन हात खाली घसरू देऊन गच्च धरली तर तळहात सोलून निघतो. झाडाच्या ओंडक्याचंही असंच होतं, फक्त तिथे वजन घागरीच्या कितीतरी पट असतं.

आधी वजनाचा अंदाज घ्या. ओलं लाकूड साधारण पाण्याइतकं जड धरावं. ओंडक्याचा घेर फुटात मोजा, त्याचा वर्ग करा आणि सव्वादोनने गुणा. एक फूट लांबीचं वजन किलोत मिळतं. घेर 4 फूट असेल तर 16 गुणिले सव्वादोन, म्हणजे फुटाला 36 किलो. असा 4 फुटी तुकडा 144 किलोंचा झाला. घेर दुप्पट झाला की वजन चौपट होतं, हे विसरू नका. नजरेचा अंदाज नेमका इथेच चुकतो.

आता हा 144 किलोंचा तुकडा 4 फूट मोकळा पडला आणि दोराने त्याला पुढच्या 1 फुटात थांबवलं, असं धरा. थांबताना दोरावर सरासरी ताण येतो वजनाच्या पाच पट, म्हणजे 720 किलो. दोराचं टोक खाली घट्ट बांधलेलं असेल तर शेवटच्या क्षणी ताण याच्या दुपटीपर्यंत चढू शकतो. शिवाय तुकड्याचा दोर वर खोडाला बांधलेल्या कप्पीवरून खाली, जमिनीवर दोर धरणाऱ्या गड्याकडे वळलेला असतो. तुकड्याकडची बाजू ओढते आणि खालच्या गड्याकडची बाजूही ओढते, त्यामुळे कप्पी जिथे बांधली त्या खोडावर दोन्हींची जवळजवळ बेरीज येते. त्याच खोडाला वर चढलेला माणूस बांधलेला असतो. पण खालच्या गड्याने दोर एकदम न आवळता सरकवत सरकवत तोच तुकडा 4 फुटांत थांबवला, तर सरासरी ताण वजनाच्या दुप्पटच राहतो, 288 किलो. वजन तेच, दोर तोच. फरक आहे तो थांबवण्याच्या रीतीत.

म्हणून सगळ्यात आधी तुकडा लहान करा. जोखीम कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. मजुरी ठरवताना "दिवसात झाड भुईसपाट" असा सौदा केला की वरचा माणूस मोठे तुकडे पाडतो. त्यापेक्षा दीड दिवसाची मजुरी द्या. खाली मोकळी जागा असेल तर दोराच्या भानगडीत पडूच नका. हातभर लांबीचे तुकडे पाल्याच्या ढिगावर किंवा जुन्या टायरांवर सरळ सोडून द्या. दोर लागतो तो खाली पत्रे, भिंत किंवा पाइपलाइन असेल तेव्हाच.

आडव्या फांदीसाठी कप्पी फांदीच्या वर, मुख्य खोडाला बांधा. फांदीला दोर बांधून, ढील पूर्ण काढून, दोर ताणलेला असतानाच करवत चालवा. फांदी सुटली की ती पडत नाही, जागच्या जागी लटकते किंवा थोडी झुलते. फांदीवर पाला फार असेल तर दोर मधल्या भागाच्या थोडा शेंड्याकडे बांधा, म्हणजे शेंडा खाली आपटणार नाही. झोका कुठे जाईल हे कापण्याआधीच पाहून ठेवा आणि गरज असेल तर शेंड्याला दुसरा हलका दोर बांधून खालून दिशा द्या.

खरी कसोटी उभ्या खोडाची. सगळ्या फांद्या गेल्या की कप्पी बांधायला वर काही उरत नाही. ती कापाच्या खालीच येते आणि तुकडा काही फूट मोकळा पडतोच. नारळाला तर पहिल्यापासून हीच स्थिती. इथे हिसका टाळता येत नाही, फक्त कमी करता येतो. कप्पी कापाच्या जितकी जवळ बांधता येईल तितकी बांधा, कारण मधलं प्रत्येक वीतभर अंतर पडण्याची उंची वाढवतं. दोर कप्पीवरून थेट बुंध्यापर्यंत आणा आणि तिथे वेढे द्या. लांब दोर थोडा ताणला जाऊन हिसका पोटात घेतो. वरच्या वरच आखूड दोराने तुकडा बांधून ठेवण्याची सवय फार धोक्याची आहे. लोखंडी तार किंवा साखळी तर अजिबात नको, ती ताणलीच जात नाही.

खालचा गडी हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस, आणि आपल्याकडे तिथे नेमका नवखा पोरगा उभा करतात. बुंध्याला दोराचे दोन-तीन वेढे द्यायचे, टोक हातात धरायचं, पण हाताला किंवा कमरेला कधीही गुंडाळायचं नाही. पायाशी दोराचं वेटोळं ठेवायचं नाही, त्यात पाय अडकला तर दोराबरोबर माणूसही ओढला जातो. तुकडा सुटल्यावर आधी दोर सरकू द्यायचा, मग हळूहळू आवळायचा. जाड चामड्याचे हातमोजे आणि डोक्यावर हेल्मेट हवंच. दोर ट्रॅक्टरला बांधून गाडी पुढे-मागे घेणं बंद करा. चालकाला दोराचा ताण हाताला कळत नाही आणि क्लच सुटला की तोच हिसका बसतो.

दोर निवडतानाही डोळे उघडे ठेवा. बाजारात "नायलॉन" म्हणून मिळणारा पिवळा-निळा प्लॅस्टिकचा दोर बहुधा पॉलिप्रॉपिलिनचा असतो. उन्हात तो कुजल्यासारखा ठिसूळ होतो आणि बुंध्यावर घासून तापला की लवकर वितळतो. खरा नायलॉन चांगला ताणतो, पॉलिस्टर कमी ताणतो पण घासणं सोसतो. गाठीमुळे दोराची ताकद तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त घटते. म्हणून दोर तुटण्याचा जो भार विक्रेता सांगेल, त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जड तुकडा त्यावर घेऊ नका. काथ्याचा नाडा आणि बैलाचा कासरा या कामाचे नाहीत.

झाडही तपासा. बुंध्याजवळ अळंबी, ढोली, वाळवीची माती, आंब्यावर खोडकिड्याचा भुसा दिसला तर त्या खोडाला कप्पी बांधू नका. शेजारचं धडधाकट झाड किंवा क्रेन वापरा. शेवगा, गुलमोहर, जांभूळ यांच्या फांद्या इशारा न देता मोडतात. चिंच-बाभूळ चिवट असली तरी अरुंद बेचकं तिथेही फाटतं. आग्या मोहोळ असेल तर काम थांबवा, वर बांधलेल्या माणसाला पळता येत नाही. वरच्या माणसाचा सुरक्षा दोर आणि तुकड्याचा दोर वेगवेगळे असले पाहिजेत, आणि तुकडा ज्या बाजूला पडणार त्या बाजूला त्याने उभं राहू नये.

विजेची तार जवळ असेल तर 1912 वर महावितरणला कळवून पुरवठा बंद झाल्याशिवाय करवत लावू नका. ओला दोर आणि ओली फांदी दोन्हींतून वीज उतरते. आंबा, चिंच, फणस, जांभूळ, साग यांसारखी झाडं खाजगी रानातली असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. शहरी हद्दीत 1975 चा कायदा आहे.

काम संपल्यावर दोर हातातून सरकवत तपासा. कुठे कडक, चपटा, वितळून चकाकणारा किंवा तंतू निघालेला भाग लागला, किंवा दिवसात एखादा जबर हिसका बसलेला असेल, तर तो दोर या कामातून बाद. त्याचे तुकडे करून दावी करा, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी चुकून तोच दोर झाडाला लावणार नाही.